फ्रीव्हील निघत नाही म्हणून चाक फेकायचं?

आपल्या हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी सायकलींचं एक स्मशान आहे. टॉवेल वाळत घालायला जाता तेव्हा एकदा नीट बघा. एकूण तेरा सायकली आहेत. पास आउट झालेल्या सीनियर्सनी सोडलेल्या, मेसच्या पोरांनी टाकलेल्या, काही कुणाच्या ते देवालाच ठाऊक. त्यातल्या दोनांच्या फ्रेम मोडल्यात, चारांच्या रिमा चकलीसारख्या झाल्यात. उरलेल्या सातांचा आजार मात्र एकच आहे : मागच्या चाकाचं फ्रीव्हील. बाकी रिम चांगली, तारा चांगल्या, हब चांगला. पण फ्रीव्हील बिघडलं, ते चाकावरून निघेना, आणि दुकानदार म्हणाला, "पूर्ण चाकच बदला." तेवढे पैसे कुणाकडे नव्हते. सायकल टाकीशेजारी आली.

जिथे चारशे भावी अभियंते झोपतात, त्या इमारतीच्या मागे एका आट्याच्या नटासारख्या वस्तूपायी सात सायकली गंजत पडाव्यात, हे मला पटत नाही. म्हणून हा लेख. कॉम्प्युटर आणि आय.टी.वाल्यांनी लगेच पान उलटू नये. सायकल तुमचीही पडली आहे तिथे!

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला ज्या दातेरी चकतीवर चेन बसते, ते फ्रीव्हील. आपल्याकडे साध्या काळ्या सायकलला बहुतेक १८ दात्यांचं असतं. त्याच्या आत बारीक छर्रे असतात आणि पॉल असतात. पॉल म्हणजे तारेच्या स्प्रिंगवर उठणारे छोटे खटके. पेडल मारलं की खटके आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरतं. पेडल थांबवलं की खटके दात्यांवरून घसरत जातात, तोच तो उतारावरचा किर्रर्र आवाज. जुनं ग्रीस वाळून खटके चिकटले की पेडल नुसतंच गरगर फिरतं, सायकल जागची हलत नाही. छर्रे झिजले किंवा गंजले की उलटं होतं, फ्रीव्हील जाम होतं आणि चाकाबरोबर पेडलही फिरायला लागतं. पहिल्या प्रकारात कधी कधी रॉकेलने धुवून पातळ तेल सोडलं तरी काम होतं. आधी तेच करून पाहावं. नाहीच जमलं तर फ्रीव्हील काढून नवीन बसवायचं. नवीन साधं फ्रीव्हील काही फार महाग नसतं, एका सिनेमाच्या तिकिटाएवढा खर्च. घोडं अडतं ते जुनं काढताना.

ते का अडतं हे कळलं की अर्धं काम झालं. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. आटे उजवे, व्यास १.३७५ इंच, एका इंचात २४ आटे. म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम एक मिलिमीटरच्या वर सरकणारे, फार बारीक आटे. फ्रीव्हील उजव्या बाजूला असतं आणि उजवीकडून बघितलं तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं. चेनही फ्रीव्हीलला त्याच दिशेने ओढते. म्हणजे आपण मारतो ते प्रत्येक पेडल फ्रीव्हील घट्ट करण्याच्याच दिशेने असतं. यात कुणाची चूक नाही. डिझाइनच तसं आहे, नाहीतर चढावर पेडल मारताना फ्रीव्हील निघून हातात आलं असतं.

किती घट्ट? सेमिस्टरमध्ये आपण याहून अवघड गणितं करतो, हे जरा करून बघू. ६० किलोचा माणूस एका पेडलवर उभा राहिला. क्रँक साडेसोळा सेंटिमीटर. टॉर्क झाला सुमारे ९७ न्यूटन-मीटर. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे फ्रीव्हीलच्या आट्यांवर आले सुमारे ४० न्यूटन-मीटर. कॅरिअरवर मित्र बसलाय, चढ आहे आणि हँडल ओढून पेडल दाबलं जातंय म्हटलं की आकडा आणखी वाढतो. थोडक्यात, त्या सायकलवर आजवर जे सगळ्यात जोराचं पेडल मारलं गेलं, ते त्या आट्यांत साठून राहिलेलं असतं. वर दहा पावसाळ्यांचा गंज. आणि आपण ते एका फूटभर पान्याने, चाक मांडीवर घेऊन काढायला बसतो!

माझं गाव अंकुशनगर. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गालगत. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. अंकुशराव टोपे यांच्या नावावरून तिचं नाव पडलं. शहागडचा गोदावरीचा पूल तिथून जवळच. आमच्याकडे गळीत हंगामात सायकल ही शोभेची वस्तू नसते. पाळी सुटल्यावर डबा हँडलला अडकवून माणसं घरी निघतात, ती सायकलवर. उसाच्या भुश्याची बारीक धूळ सगळीकडे उडते, ती चेनच्या तेलावर बसते आणि तिचा काळा लगदा होऊन फ्रीव्हीलमध्ये शिरतो. त्यामुळे "फ्री गेली" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे फ्रीव्हील कुणी म्हणत नाही, "फ्री" म्हणतात.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एका मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्रा, पंप आणि पंक्चरची घमेली. बेंच व्हाइस नव्हता. तरी मी त्यांच्याकडून फ्रीव्हील न निघालेलं चाक परत गेलेलं पाहिलं नाही. त्यांनी भंगारातला एक जाड लोखंडी तुकडा काँक्रीट ओतून जमिनीत पुरला होता, आणि फ्रीव्हील खोलायची चावी, खाचा वर करून, त्या तुकड्यावर वेल्ड करून घेतली होती. चाक त्यावर आडवं ठेवायचं, खाचा बसवायच्या, वरून नट लावायचा, आणि ट्रकचं स्टिअरिंग फिरवावं तसं दोन्ही हातांनी अख्खं चाक फिरवायचं. टक्क! झालं. एकदा एक पहिलवान गडी चाकावर लोंबकळत होता, पण चुकीच्या दिशेने. मिस्त्री विडी न काढता म्हणाले, "आरं बाबा, जोर बैलाला बी आस्तो. आधी कोणीकडं फिरवायचं ते तर बघ."

हे वाक्य आपल्या वर्कशॉपच्या दारावर लिहावं असं मला वाटतं. कारण त्या पुरलेल्या तुकड्यामागे शुद्ध मेकॅनिक्स आहे. साध्या सायकलच्या रिमचा व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर. दोन्ही हातांनी समोरासमोर धरून प्रत्येकी २५ किलोचा जोर लावला तर १५० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क मिळतो. शिवाय तो शुद्ध कपल आहे, एका हाताचा ढकलणारा जोर दुसरा हात रद्द करतो, त्यामुळे चावी तिरकी होऊन खाचेतून सटकत नाही. फूटभर पान्याने एवढा टॉर्क काढायचा तर एका टोकाला ५० किलोहून जास्त जोर हवा, आणि तोही सगळा एका बाजूला. मिस्त्रींना 'कपल' हा शब्द माहीत नसेल. आपल्याला शब्द माहीत आहे आणि चाक मात्र फेकून देतो. आता कोण शिकलेला, तुम्हीच सांगा.

तर पद्धत अशी. चाक सायकलवरून काढा. उजव्या बाजूचे एक्सलचे नट आणि वॉशर काढा, म्हणजे चावी आतपर्यंत बसेल. फ्रीव्हीलच्या मधोमध खाचा दिसतील : दोन, चार, किंवा काही फ्रीव्हीलमध्ये गोल दातेरी भोक. त्याच मापाची चावी हवी. "जवळपास बसतेय" म्हणजे बसत नाही, हे लक्षात ठेवा. खाचांतला चिखल स्क्रूड्रायव्हरने खरवडा. फ्रीव्हील आणि हब जिथे मिळतात त्या फटीत गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. घाईचं काम नाही. सकाळी चावी खाचेत घालून वरून एक्सलचा नट हाताने आवळा, म्हणजे चावी उडणार नाही. चावी व्हाइसमध्ये पकडा, चाक आडवं, फ्रीव्हील खाली. आता वरून बघत चाक घड्याळाच्या उलट फिरवा.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. "फ्रीव्हील तर खाली आहे, म्हणजे दिशा उलटी होणार ना?" फ्रीव्हील खाली गेलं हे खरं, पण आता फ्रीव्हील स्थिर आहे आणि हब फिरतोय. दोनदा उलटलं की पुन्हा सुलटच. म्हणून वरून बघताना घड्याळाच्या उलट. विश्वास नसेल तर बाटली आणि झाकण घ्या. झाकण खाली टेबलवर धरा, बाटली फिरवून बघा. यात फार हुशारी लागत नाही, थांबून एक मिनिट विचार करावा लागतो.

'टक्क' झालं की लगेच थांबा. नट अर्धा फेरा सैल करा, मग पुढे फिरवा. फ्रीव्हील बाहेर सरकतं आणि नट त्याला अडवतो. नट सैल केला नाही तर एक्सलचे नाहीतर चावीचे हाल होतात. पुढचं हातानेच निघतं. नवीन बसवताना आटे पुसून थोडं ग्रीस लावा आणि सुरुवात हातानेच करा. आटे इतके बारीक आहेत की तिरकं चढवलं तर हब कायमचा गेला.

आता तीन गोष्टी करू नका, कारण त्या आपल्या हॉस्टेलात झाल्या आहेत.

पहिली : छन्नी-हातोडी. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या काही उत्साही मंडळींनी खाचेत छन्नी ठेवून हातोडा चालवला. खाचा तुटल्या आणि चावीला जागाच उरली नाही. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणजे फ्रीव्हील तिथेच फोडणं. बाहेरच्या कड्यावर दोन बारीक भोकं असतात, त्यात पंच ठेवून ते कडं खोलायचं. पण बहुतेक फ्रीव्हीलच्या या कड्याला डावे आटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने खुलतं! आपल्या सायकलच्या डाव्या पेडललाही डावेच आटे असतात, कधी पाहिलंय? कडं निघालं की छर्रे आणि खटके सांडतात, दाते असलेला भाग निघून येतो, आणि आतला गाभा थेट व्हाइसमध्ये घट्ट पकडून चाक फिरवता येतं. फ्रीव्हील गेलं, पण चाक वाचलं.

दुसरी : तारा कापणं. "रिम दुसरीकडे वापरू, हबचं नंतर बघू" म्हणून आधी तारा कापल्या की ६४ सेंटिमीटरचं स्टिअरिंगच तुम्ही कापून टाकता. उरतो मुठीएवढा हब. त्याला धरणार कुठे आणि फिरवणार कसा? आधी फ्रीव्हील, मग तारा. हा क्रम उलटला की हब भंगारात.

तिसरी : विचार न करता तापवणं. "तापवलं की लोखंड फुगतं आणि सैल होतं" हे आपण दहावीत शिकलो, पण कोण कोणाच्या आत आहे ते बघायचं राहिलं. इथे हब आत आहे, फ्रीव्हील बाहेर. नव्या सायकलींचा हब कधी कधी ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही सारखंच तापवलं तर आतला हबच जास्त फुगणार, म्हणजे आणखी घट्ट! फक्त बाहेरचं पटकन तापलं, उदाहरणार्थ फ्रीव्हीलवर उकळतं पाणी ओतलं, तर थोडा फायदा. मेसच्या गॅसवर चाक धरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. (तिथे तेल आणि टायरही असतो, हे वेगळं सांगायला नको.)

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नवीन चाक आणा, नाहीतर बाइक घ्या. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. पण आपले रात्रपाळीचे वॉचमन मामा सहा किलोमीटरवरून सायकलने येतात. दिवाळीनंतर त्यांची फ्री गेली. दुकानात अख्ख्या चाकाचा खर्च सांगितला. तेव्हापासून मामा चालत येतात, आणि आपण दुचाकीवरून त्यांना हॉर्न देत गेटमधून आत जातो. त्या गेटपासून आपल्या वर्कशॉपचे बेंच व्हाइस दोनशे पावलांवर आहेत. पहिल्या वर्षी आपण त्याच व्हाइसमध्ये एम.एस.ची पट्टी धरून तीन-तीन दिवस कानस घासली, चौकोनात चौकोन बसवला, सही घेतली आणि जॉब भंगारात टाकला. त्या व्हाइसवर मामांचं एक चाक ठेवलं असतं तर शिकलोही असतो आणि माणूस घरीही लवकर पोचला असता.

आणि हा प्रश्न मामांपुरता नाही. मानव विकास कार्यक्रमात आमच्या जालना जिल्ह्यासह राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. फार चांगली योजना. पण सायकल देणं एकदाचं असतं, ती चालू ठेवणं रोजचं. ज्या वस्तीवर मिस्त्री नाही, तिथे फ्री गेली की सायकल गोठ्यात उभी राहते. मग मुलगी पायी जाते, किंवा पाऊस-पाण्याचं कारण सांगून घरी बसवली जाते. एका चावीअभावी शाळा बुडू शकते, हे शहरात बसून लक्षात येत नाही. कंपन्यांच्या भरवशावरही राहून चालत नाही. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलसने ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा कारखाना बंद केला. त्यांच्या सायकली मात्र खेड्यापाड्यांत अजून धावतात, कारण कुठल्याशा लिंबाखाली कुणीतरी त्या खोलू शकतो.

म्हणून रेक्टर सरांना आणि वर्कशॉपच्या सरांना या मासिकातून नम्र विनंती. महिन्यातून एक शनिवार, दुपारी दोन तास, वर्कशॉप सायकलींसाठी उघडावं. लागणार काय? व्हाइस आहेत. फ्रीव्हील खोलायच्या तीन-चार मापांच्या चाव्या, एक चेन तोडायची चावी, तेलाची बाटली. गॅदरिंगच्या डी.जे.चा एक तास कमी केला तरी हे सगळं येईल. "कुणाला लागलं तर जबाबदार कोण?" हा सरांचा प्रश्न योग्य आहे. त्यासाठी वर्कशॉपच्या असिस्टंट काकांनी हजर राहावं, बूट आणि गॉगल सक्तीचे करावेत, एका व्हाइसवर दोघांनीच काम करावं. रोजच्या प्रॅक्टिकलला जे नियम आहेत तेच इथे. आणि जवळच्या एखाद्या सायकल मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. पाहुणे म्हणून हार-तुरे नकोत, शिक्षक म्हणून बोलवावं. "इंडस्ट्री एक्स्पर्ट"चं लेक्चर आपण ए.सी. हॉलमध्ये ऐकतोच, एक लेक्चर उभं राहून, काळ्या हातांनी ऐकू.

विद्यार्थी मित्रांनाही एक सांगणं. टाकीशेजारच्या सातही सायकली सीनियर्सच्या नावावर नाहीत, कुणाच्याच नाहीत. रेक्टर सरांची परवानगी मिळाली तर त्या दुरुस्त करून हॉस्टेलच्या सामाईक सायकली करता येतील. स्टेशनला, झेरॉक्सला, रात्री औषध आणायला. मेकॅनिकलवाल्यांनीच यावं असं नाही. आट्यांना ब्रँच कळत नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारसाठी मी नावं घेतोय. रूम नं. ३१, दुसरा मजला. तेल रात्रभर मुरावं लागतं, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी टाकीपाशी या आणि आपापल्या चाकात तेल सोडून जा. पहिल्या क्रमांकावर वॉचमन मामांचं चाक लिहिलंय. त्यांना विचारून लिहिलंय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी